नमुना वाटेत तापला असावा

४ फेब्रुवारी

ताई,

दवाखान्यातून घरी येऊन तीन आठवडे झाले. परवा फोनवर तू काहीतरी विचारत होतीस. बायकोने फोन माझ्या कानाला लावून धरला होता, पण डाव्या कानात आता नुसती शिट्टी वाजते आणि उजव्यात माणसं विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येतात. मी आपला "हो हो" करत होतो. कशाला हो म्हणालो ते देव जाणे. मोबाइलवर टाइप करायला घेतलं की अक्षरं नाचतात आणि डोकं उठतं. तेव्हा आता कागद. शाळेत माझ्या निबंधांची काय शोभा व्हायची ते तुला माहीतच आहे, फार अपेक्षा ठेवू नकोस.

मेंदूच्या आवरणाचा ताप. पुन्हा तोच, जंतूही तोच. पहिल्या वेळी मी विशीत होतो, तू रजा काढून उशाशी बसली होतीस. या वेळी बायको बसली. तिची शिवणाची कामं तशीच पडली आहेत. डॉक्टर म्हणाले, एकाच माणसाला दोनदा म्हणजे नशीब खराब. एवढा शिकलेला माणूस नशिबावर आला, मग आपण काय बोलणार?

कामाचं म्हणशील तर, लिफ्ट बिघडली की मी आधी कान लावायचो. ब्रेक घासतोय की दोर पुलीवर सरकतोय, झाकण न उघडता सांगायचो. आता सुपरवायझरने मला स्टोअरमध्ये बसवलंय. पोरं येतात, सामान मागतात, मी तिसऱ्यांदा "काय?" विचारलं की बोटाने दाखवतात. सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. त्याचाच जास्त त्रास होतो.

आईला कानाचं सांगू नकोस, ती मधल्या दादाचं काढून बसेल. खरं सांगू? खाटेवर पडलो होतो तेव्हा मलाही मधलाच दिसत होता. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, आईने शाळा बुडवायची सबब समजून पाठवला, आणि दिवस मावळायच्या आत दादा संपला. त्याचाही हाच ताप होता का गं? तू रक्ताच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलास. तुला काय वाटतं ते लिही. नशीब सोडून काहीही चालेल.

टिल्लू

१३ फेब्रुवारी

टिल्लू,

फोनवर मी विचारलं होतं, "आईला कानाचं सांगू का?" आणि तू चांगला दोनदा "हो हो" म्हणालास. सांगून बसले मी. आता कर काय करायचं ते.

आईने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "मीच पाठवला त्याला शाळेत." तुझ्या कानावरून गाडी तिथेच गेली. मी आता समजूत घालत नाही, चहा करून देते. माझेही गुडघे बोलायला लागलेत, साहेबांना सगळे रिपोर्ट कालच हवे असतात, आणि घरी आले की हे. कुणावर चिडायचं हेही कळत नाही.

तुझ्या डॉक्टरांना नशीब वाटलं, मला वाटत नाही. पंचवीस वर्षं मी ज्या खोलीत उभी राहते तिथे हेच तपासतात, म्हणून सांगते. आपल्या रक्तात काही प्रथिनं सतत फिरत असतात. त्यांना पूरक प्रथिनं म्हणतात. ती आधीपासून तयार असतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. जंतू दिसला की पहिलं त्याला चिकटतं, ते दुसऱ्याला ओढतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटची चार-पाच मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात, आणि तो फुटतो. काही घराण्यांत या शेवटच्यांपैकी एखादं जन्मापासूनच नसतं. अशी माणसं एरवी धडधाकट असतात, सर्दी-पडसं तुमच्या-आमच्यासारखंच. फक्त हा एक जंतू त्यांना पुन्हा पुन्हा गाठतो, कारण भोक पाडल्याशिवाय तो मरता मरत नाही.

मधल्याचं मला माहीत नाही. त्या वेळी कोण तपासणार होतं? पण दोन भाऊ, एकच ताप. मला हे आवडत नाही, टिल्लू.

अंगात नीट ताकद आली की रक्त दे. तुझ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. रक्त गोठलं की वरचं पिवळं पाणी काढून लगेच गोठवायचं आणि बर्फाच्या पेटीतून माझ्याकडे पाठवायचं. लगेच म्हणजे लगेच. ही प्रथिनं फार नाजूक, टेबलावर राहिली की मरतात, आणि मग माणूस निरोगी असला तरी आमच्याकडे शून्य येतं. तुझ्या दवाखान्यातल्या लोकांना चहा प्यायचा असेल तर नंतर प्यायला सांग.

ताई

११ मार्च

ताई,

दिलं एकदाचं रक्त. नळ्या भरणाऱ्या बाईंना तुझी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. "चहाचंही लिहिलंय?" म्हणाल्या. निदान तसंच काहीतरी म्हणाल्या, मी ओठांवरून घेतलं. मी मान डोलावली. बाई हसल्या नाहीत. पेटी आज निघेल, तुमच्याकडे जाणाऱ्या इतरांच्या नळ्याही त्यातच आहेत असं दिसलं.

दुसरी गोष्ट. कंपनीने लांब एका नव्या इमारतीचं काम घेतलंय, वर्षभराचं. तिथे जुन्या माणसांची गरज आहे. नवीन लिफ्ट बसवायच्या म्हणजे बिघाड ऐकायचा नाही, सगळं मापाने करायचं. ते मला अजून जमतं. सुपरवायझर म्हणाला, विचार कर. राहायला कामगारांचं वसतिगृह आहे. बायकोची ना नाही. स्टोअरमध्ये बसलेला नवरा बघून तीही कंटाळली असणार. मी तर स्वतःला बघून कंटाळलोय.

तुझ्या तपासणीत काय येतं त्यावर हो की नाही ते कळवीन.

टिल्लू

२२ मार्च

टिल्लू,

जीव भांड्यात पडला म्हण. तुझी तपासणी झाली, आणि काळजी करण्यासारखं काही नाही.

आम्ही मेंढीच्या रक्तातल्या लाल पेशी घेतो, त्यांच्यावर रुग्णाचं ते पिवळं पाणी टाकतो. पूरक प्रथिनं धड असतील तर पेशी फुटतात आणि नळी लालभडक होते. तुझ्या नळीत पाणी स्वच्छ राहिलं, पेशी तळाशी बसल्या. म्हणजे शून्य. पण घाबरू नकोस. इथे शून्य येतं ते दहापैकी नऊ वेळा बर्फ वितळल्यामुळे. मी आयुष्यात रिपोर्टवर दुसरं कुठलं वाक्य लिहिलं नसेल इतक्यांदा हे लिहिलंय: नमुना वाटेत तापला असावा, पुन्हा पाठवावा. तुझ्याही रिपोर्टवर लिहून टाकलं. इतका लांबचा प्रवास, वर उन्हाळ्याची सुरुवात. खरंखुरं शून्य मी सगळ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलंय.

सवडीने पुन्हा पाठव. घाई नाही. नव्या कामाला जायचं असेल तर जा, जागा बदलली की मनही बदलेल. मी उगाच तुझ्या मागे लागले होते. आईला सांगितलं काही निघालं नाही म्हणून. ती आज पोटभर जेवली.

ताई

२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हो म्हणून कळवलं. आता इथे येऊनही आठवडा होत आला.

खोलीत आठ खाटा. एकावर एक नाहीत हे नशीब. माझ्या शेजारच्या खाटेवर एक वायरमन आहे, दाढीवाला, दिवसभर गातो. सगळे म्हणतात भयंकर बेसूर गातो. मला काय, शिट्टी आणि त्याचं गाणं सारखंच. म्हणून त्याचं माझ्याशी जमलं. ग्लास एक, टॉवेल एक, खोकला सगळ्यांचा. कुणी शिंकलं की आठही जण ओले होतात.

पण काम बरं चाललंय. काल पहिल्या लिफ्टचे रूळ ओळंब्यात बसले. इथल्या सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कीव न करता हात ठेवला.

रक्ताचं आता पुन्हा काढू नकोस. तूच म्हणालीस काही नाही. माझ्या दोन्ही हातांना सुया टोचायला जागा उरली नाही.

टिल्लू

९ एप्रिल

टिल्लू,

हे पत्र हातात पडेल तसं, जेवत असशील तर ताटावरून उठून वाच.

मी चुकले. तुझं शून्य खरं आहे.

आमच्याकडे एक चष्मेवाली आहे, माझ्याबरोबर काम करते. काल चहा पिताना सहज म्हणाली, "तुमच्या भावाच्या पेटीतून आलेल्या बाकीच्या दोन्ही नळ्या काय सुंदर लाल झाल्या होत्या हो." मी विचारलं, कुठल्या बाकीच्या? त्या तिने तपासल्या होत्या, मी फक्त तुझी. एकच पेटी, तोच बर्फ, तोच प्रवास. त्या दोघांचं रक्त ठणठणीत पोचलं आणि तुझं तेवढं तापलं, असं कसं होईल? तुझी नळी पार स्वच्छ होती. नव्या मुलीने असं केलं असतं तर मी तिची खरडपट्टी काढली असती. मला ते वाक्य लिहायची इतकी सवय झालीय की हात आपोआप लिहून गेला. आणि मला तेच हवं होतं, तेही खरं. तू धडधाकट आहेस असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते मीच म्हटलं.

तू पत्रात लिहिलंयस आठ खाटा, एक ग्लास. हा जंतू अशाच ठिकाणी पसरतो, माणसांच्या घशात बसून. दुसऱ्यांना तो कित्येकदा काही करत नाही. तुझ्यात भोक पाडणारंच कुणी नाही.

आता ऐक. तिथल्या डॉक्टरांकडे जा, सोबतची चिठ्ठी दे. या जंतूची लस मिळते, ती ताबडतोब घे. दुसरा नमुना पाठव, पण त्याच्या निकालासाठी थांबू नकोस. ताप आला, डोकं ठणकलं, मान वाकेनाशी झाली, तर "बघू उद्या" करायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. जमलं तर वसतिगृह सोड. नाहीतर निदान स्वतःचा ग्लास वेगळा ठेव.

मला शिव्या दे, पण जा.

ताई

३० एप्रिल

ताई,

पत्र वेळेवर मिळालं. उत्तर मुद्दामच दिलं नाही. राग आला होता.

आधी म्हणालीस रक्तातच काही कमी आहे का बघू, मग म्हणालीस तापलं असेल, जा बिनधास्त. आता म्हणतेस वसतिगृह सोड, म्हणजे कामच सोड. मी काय लिफ्ट आहे, बटण दाबलं की वर आणि बटण दाबलं की खाली? हे काम सोडलं तर मला पुन्हा स्टोअरच आहे. ते मी करणार नाही.

लसही घेणार नाही. तुझंच पत्र दोनदा वाचलं. ज्या अंगात जंतूला मारणारंच कुणी नाही, तिथे लस काय करणार? वर्गात मुलंच नाहीत आणि तू मास्तर पाठवतेस. नाही तर नाही. जन्मापासून नाही, आता कुठून येणार? मधला गेला. एकदा मी वाचलो, दुसऱ्यांदा अर्धा वाचलो. तिसऱ्यांदा जे व्हायचं ते होईल. खरंच सांगतो ताई, मी भित्रा नाही, दमलोय. दवाखान्याचा वास आला तरी मी रस्ता बदलतो. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

ग्लास मात्र वेगळा ठेवलाय. वायरमनला वाटलं मी त्याच्यावर रुसलोय.

टिल्लू

८ मे

टिल्लू,

जे व्हायचं ते होईल? मला असलं लिहायची तुझी हिंमत कशी झाली? आईच्या समोर मी तुझं पत्र वाचत होते. तिने विचारलं काय म्हणतो, मी सांगितलं काम झकास चाललंय. तुझ्यापायी म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर मला थापा माराव्या लागतात.

तुझं वर्गाचं म्हणणं चुकीचं आहे, आणि चूक माझ्या सांगण्यात आहे. मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. पूरक प्रथिनं ही झटपट मारामारी. त्यांच्याशिवाय आणखीही कुणीतरी आहे, आणि ते तुझ्यात शाबूत आहे. त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात, म्हणजे फांद्यांसारखे हात असलेल्या. या पेशी स्वतः भांडत नाहीत. कातडीखाली, घशात, नाकात हात पसरून बसलेल्या असतात. लस टोचली की दंडातल्या पेशी त्या औषधातला जंतूचा तुकडा गिळतात आणि जागा सोडून निघतात. निघतात त्या थेट काखेतल्या गाठीपर्यंत. तिथे तो तुकडा अंगाबाहेर धरून उभ्या राहतात, हरवलेल्या माणसाचा फोटो घेऊन चौकात उभं राहावं तशा. असंख्य पेशी जवळून जातात, बघतात, पुढे जातात. एखादीच अशी निघते जिला तो तुकडा ओळखता येतो. ती जागी होते, तिच्या पुढे तिच्यासारख्या हजारो होतात, मग अँटीबॉडी तयार होतात. या सगळ्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. सावकाश काम आहे, पण एकदा झालं की पुष्कळ काळ लक्षात राहतं.

अँटीबॉडी जंतूला लगडल्या की रक्तातल्या खाणाऱ्या पेशी त्याला आख्खा गिळतात. भोक पाडायची गरजच पडत नाही. तुझ्यात शेवटचं एक प्रथिन नाही, बाकीची पलटण जागेवर आहे. पूर्ण भरवसा मी देत नाही, तू आणखी एक थाप ऐकायला बसलेला नाहीस. पण उघड्या दारापेक्षा लोटलेलं दार बरं.

आणि एक. मला हे लिहायचं नव्हतं. असलं दुखणं आई आणि वडील दोघांकडून अर्धं अर्धं येतं, तेव्हा आपल्या तिघांनाही सारखाच धोका. म्हणून मी माझं रक्त तपासलं. माझंही शून्य आहे. इतकी वर्षं मला काही झालं नाही तो योगायोग. मी आता रोज सकाळी घसा दुखतो का बघते, गर्दीत गेले की जीव घाबरा होतो, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधड होते, आणि कुणाला सांगताही येत नाही. चष्मेवालीलाही नाही. मला एकटीला लस घ्यायची भीती वाटते. तू घेतलीस तर मी घेईन. नाहीतर आपण दोघंही जे व्हायचं ते होऊ देऊ.

ताई

१९ मे

ताई,

घेतली. डावा दंड, दोन दिवस दुखला, वायरमनने चेष्टेने त्याच दंडावर थाप मारली. डॉक्टर बाई तरुण आहेत. तुझी चिठ्ठी वाचून म्हणाल्या, हे लिहिणारीला एकदा भेटलं पाहिजे. ताप आला तर लगेच घ्यायच्या गोळ्याही जवळ दिल्या आहेत. दुसरी लस दोन महिन्यांनी.

बायकोला सगळं सांगितलं. मग तिने उशीचा अभ्रा शिवून पाठवला, त्यावर माझं नाव घातलंय, म्हणजे दुसऱ्या कुणी वापरू नये.

तूही घे. गर्दीत जाऊ नकोस. आईचं करायला कुणी नसेल तर मी काम सोडून येतो, स्टोअर तर स्टोअर.

टिल्लू

५ जुलै

टिल्लू,

तुझ्या दोन्ही नळ्या पोचल्या. या वेळी पेटी मी स्वतः उघडली, बर्फ टणक होता. मेंढीच्या पेशी पुन्हा तशाच तळाशी. म्हणजे ते नक्की झालं, आता त्यावर वाद नको. दुसरी नळी लसीच्या अँटीबॉडीची. त्या चढल्या आहेत. चांगल्या चढल्या आहेत. चष्मेवालीने आकडा वाचून दाखवला तेव्हा मी तो तिच्याकडून परत वाचून घेतला. तुझ्या पेशींनी चालत जाऊन निरोप पोचवला रे.

मग मी आईला सांगायला बसले. म्हटलं, आई, मधल्याला शाळेत पाठवलंस म्हणून तो गेला नाही. त्याच्या रक्तातच बहुतेक एक गोष्ट नव्हती. घरी ठेवला असतास तरी त्या काळी कुणाला कळलं नसतं. मला वाटलं, आता तरी तिच्या छातीवरचा दगड उतरेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "रक्तात नव्हतं म्हणजे आमच्याकडूनच गेलं ना?" मी म्हटलं, अर्धं तुझ्याकडून, अर्धं बाबांकडून. ती म्हणाली, "म्हणजे पाठवलाही मी आणि दिलंही मीच." आता सांग, अशा बाईला काय सांगायचं? पंचवीस वर्षं मी लोकांना निकाल देते. हा मला देता आला नाही. उठून तिला चहा करून दिला.

आता माझं. मे महिन्यात मी तुला खोटं लिहिलं. माझं रक्त मी तपासलंच नव्हतं. धाडसच होत नव्हतं. तू काम सोडून येतो म्हणालास आणि माझी मलाच लाज वाटली. गेल्या आठवड्यात तपासलं. नळी लाल झाली, टिल्लू. पाहता पाहता लालभडक. माझ्यात सगळं आहे. तुम्हा दोघांच्यात जे नव्हतं ते तिसरीला मिळालं. आनंद व्हायला हवा होता. मी बेसिनचा नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. मी का, तो का नाही, तू का नाही?

रागावलास तर रागाव. पण दुसरी लस चुकवू नकोस.

ताई

२१ जुलै

ताई,

दुसरी लस झाली.

तू खोटं लिहिलंयस हे मला तेव्हाच कळलं होतं. तू जन्मात मला कधी स्वतःच्या दुखण्याबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीस. गुडघ्याचं लिहितेस तेही साहेबांच्या तक्रारीत लपवून. आणि एकाएकी घसा, झोप, धडधड, अख्खं पानभर? त्यातून तुला सुईची भीती? तू रोज दुसऱ्यांना टोचतेस. मी ते पत्र वायरमनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण थापा मारते. मी म्हटलं, हो, पण थापा मारण्याइतकी घाबरली आहे. म्हणून गेलो. पेशी-बिशी मला तेव्हा पटल्या नव्हत्या.

आता त्याचंच सांगतो. मागच्या रविवारी दुपारी सगळे आडवे पडले होते. वायरमन बाहेर जायला निघाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकेना. हनुवटी छातीला लागेना. खिडकीतल्या उजेडाकडे पाठ करून बसला. सगळे म्हणाले, मान धरली असेल, उशी उंच घेतो हा. मी त्याच्या पोटरीवर बारीक लाल ठिपके पाहिले, ताई. तसलेच मी आधी एकदा पाहिले होते. मधला शाळेतून आला तेव्हा त्याने मोजा काढला, मी समोर बसून पाहिले होते. मला वाटलं त्याला डास चावले.

मी कुणालाही विचारलं नाही. सामानाची गाडी उभी होती, त्याला उचलून घातला आणि मोठ्या दवाखान्यात नेला. वाटेत तो बरळायला लागला. डॉक्टर बाईंना मी फक्त मान आणि ठिपके एवढंच म्हणालो, त्या पळाल्याच. नंतर आम्हा सातही जणांना गोळ्या दिल्या. मला त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. साडेतीन महिने मी त्या माणसाच्या शेजारी झोपलोय. मला काही झालं नाही. साधं डोकंही दुखलं नाही.

काल तो उठून बसला. आवाज फुटत नाही, तरी गायचा प्रयत्न करतो. त्याची आई आली आहे, लांबून, एकटी. तिने माझे दोन्ही हात धरले आणि बरंच काही बोलली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही आणि मी तिला पुन्हा बोला असंही म्हटलं नाही.

तुझ्यात सगळं आहे म्हणून रडू नकोस. तुझ्यात नसतं तर हे सगळं मला लिहायला कोण बसलं असतं?

आणि आईला रक्ताचं आता काही समजावू नकोस. तिला फक्त वायरमनचं सांग. ठिपके होते, मान धरली होती, आणि पोरगा वाचला. आणि सांग, तिच्या धाकट्याने ते ओळखलं, कारण त्याने आधी एकदा मधल्याच्या पायावर पाहिले होते.

टिल्लू